दोराला डोळा घालताना हात का दुखतो

मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाताना जुन्या राष्ट्रीय महामार्ग ६ वर, म्हणजे आताच्या ५३ वर, वडनेर भोलजी लागतं. काळ्या जमिनीचं, कापसाचं गाव. ट्रॅक्टर आले तरी बैलजोडी पुरती गेलेली नाही, आणि जोडी आहे तोवर पोळ्याला नवा साज लागतोच: वेसण, मोरकी, कासरा, दावं. एके काळी हे सगळं अंबाडीच्या वाखाचं असे आणि गावातच वळलं जाई. आता बहुतेक घरांत नायलॉनचा किंवा प्लॅस्टिकचा दोर किलोवर येतो. भेंडोळ्याचे मापाने तुकडे पाडायचे, टोकं मेणबत्तीवर धरून वितळवायची, की राहतो तो प्रत्येक टोकाचा फासा. काम दिसायला किरकोळ आहे. पण दुपारभर बसून पाच-सहा दाव्यांचे फासे गुंफले की संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तांब्या उचलताना मनगट नको म्हणतं.

दोराचं टोक मागे वळवायचं, त्याचे पेड उलगडायचे आणि त्याच दोराच्या अंगात परत विणायचे, असा हा पक्का फासा असतो. खलाशी आणि झाडांवर चढून काम करणारे लोक त्याला आय स्प्लाइस म्हणतात. या लेखात मी नुसतं डोळा म्हणेन. दाव्याचा डोळा असो की झाडावर चढायच्या दोराचा, हात दुखण्याचं कारण एकच आहे आणि त्यावरचा उपायही एकच. हाताला जोर कमी पडतो म्हणून तो दुखत नाही. सगळा जोर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून काढला जातो म्हणून दुखतो. चिमटीचं काम मुठीकडे आणि मुठीचं काम अंगाकडे सोपवता आलं, तर तेच डोळे तोच माणूस कळ न येता घालू शकतो. हे कसं जमवायचं तेच इथे सांगायचं आहे.

गाठ मारून भागत असताना डोळ्याचा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. गाठीत दोर आखूड वळणातून वाकतो. वळणाच्या बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जातात, आतल्या बाजूचे चिरडतात, आणि ताण आला की दोर बहुधा गाठीच्या तोंडाशीच तुटतो. गाठीच्या प्रकाराप्रमाणे दोराची २० ते ५० टक्के ताकद तिथे जाते. नीट घातलेल्या डोळ्यात ९० टक्क्यांच्या आसपास ताकद शाबूत राहते. जनावराच्या बाबतीत दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. सुरगाठीचा फासा बैलाने हिसका दिला की आवळतो, डोळा आवळत नाही. त्याला बोंगाही नसतो, त्यामुळे तो कड्यातून सहज जातो आणि मानेला घासत नाही. झाडावर चढणाऱ्याला डोळा हवा असतो तोही याचसाठी. आकडा अडकवायला कायमची, सपाट, न अडणारी जागा मिळते.

डोळा टिकतो तो पिळामुळे. तीन पेडी दोरात सूत एका दिशेने पिळलेलं असतं, पेड उलट्या दिशेने, आणि तीन पेड मिळून होणारा दोर पुन्हा पहिल्या दिशेने. प्रत्येकाला उलगडायचं असतं आणि प्रत्येकाचं उलगडणं दुसरा अडवतो. त्या रस्सीखेचीतून दोर घट्ट राहतो. विणलेला पेड अशा दोन पिळांच्या मध्ये सापडतो, आणि दोरावर ताण वाढेल तसा दोर त्याला आणखी जोराने दाबतो. अंबाडी, ताग, काथ्या यांचे तंतू खरबरीत असतात, म्हणून तिथे तीन फेऱ्या पुरतात. नायलॉन गुळगुळीत असल्याने किमान पाच लागतात. म्हणजे अंबाडी सोडून नायलॉनकडे आल्यावर दोर टिकाऊ झाला खरा, पण एका डोळ्यामागे हाताचं काम दीडपटीहून जास्त झालं, तेही जास्त कडक दोरावर. तक्रार वाढली ती उगाच नाही.

आता हाताकडे वळू. बोटांत बोटं हलवणारे मोठे स्नायू नसतात, ते कोपराखाली, पुढच्या हातात असतात. तिथून लांब कंडरा मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो, आणि त्यातून बोटं मिटणाऱ्या नऊ कंडरा व एक मोठी नस अशा दहा गोष्टी दाटीवाटीने जातात. मनगट वाकवून जोर लावला की या दाटीत घासाघीस वाढते. साधा प्रयोग करून पाहा: मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मग मूठ आवळा. मूठ नीट मिटतच नाही, कारण कंडरांना ओढायला जागाच उरलेली नसते. मनगट सरळ किंवा किंचित मागे असताना मूठ सगळ्यात घट्ट बसते.

चिमटी आणि मूठ यांच्या जोरात किती फरक आहे, हे मोजलेलं आहे. १९८५ साली व्हर्जिल मॅथिओवेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या प्रौढांच्या हातांची मोजमापं प्रसिद्ध केली. पुरुषांच्या उजव्या मुठीचा सरासरी जोर ४५ किलोच्या वर भरला, तर अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक जुळवून धरलेल्या चिमटीचा साधारण ८ किलो. म्हणजे तोच पेड चिमटीने ओढताना बोटं आपल्या कमाल ताकदीच्या काठावर असतात आणि मुठीने ओढताना निम्म्यावरही नसतात. याहून बोलका आकडा अंगठ्याच्या सांध्याचा आहे. कूनी आणि चाओ यांनी १९७७ साली हिशोब मांडला की चिमटीच्या टोकावर १ किलो जोर लावला तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळच्या सांध्यावर, सुमारे १२ किलो दाब पडतो. टोकावर पाच किलो लावले तर मुळाशी साठ. दाव्याचे डोळे घालून उठल्यावर कळ नेमकी तिथेच का येते, याचं उत्तर या आकड्यात आहे.

अंगठ्याच्या बाजूने मनगटावर येणारी कळ वेगळी ओळखता येते. तिथे दोन कंडरा एका आवरणातून सरकतात. अंगठा ताणून मनगट वाकवण्याचं काम वारंवार झालं की ते आवरण जाड होतं आणि सरकताना दुखतं. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हाँ यांनी १८९५ साली या दुखण्याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला पडलं. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांमध्ये ते बरंच दिसतं. हाताचं काम माणसाला आजारी पाडतं हे वैद्यकाने त्याच्याही खूप आधी ओळखलं होतं. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्याच्या १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनांच्या हाताची व्यथाही नोंदवली. पुढे १९८६ साली बार्बरा सिल्व्हरस्टाइन आणि सहकाऱ्यांनी कारखान्यांतल्या कामगारांचा अभ्यास करून दाखवलं की जोर आणि पुनरावृत्ती एकत्र आली की धोका नुसता बेरजेने वाढत नाही. कमी जोराच्या आणि कमी पुनरावृत्तीच्या कामाशी तुलना केली तर, दोन्ही जास्त असलेल्या कामात हाताच्या दुखण्याची शक्यता सुमारे ३० पट निघाली. डोळा घालणं हे नेमकं दोन्ही जास्त असलेलं काम आहे: तीन पेड, पाच फेऱ्या, म्हणजे एका डोळ्याला पंधरा वेळा दोर फोडायचा, पंधरा वेळा पेड घालायचा आणि पंधरा वेळा ओढायचा.

आता प्रत्यक्ष काम बघू. बारा मिलिमीटर जाडीचा तीन पेडी नायलॉनचा दोर घ्या. टोकापासून सुमारे फूटभरावर दोऱ्याने चार-पाच वेढे देऊन घट्ट बांधा, म्हणजे पेड त्यापुढे उलगडणार नाहीत. पेड मोकळे करा. आपल्याकडे टोक वितळवून सोडून देतात आणि तिथेच पहिली चूक होते. वितळलेल्या टोकाला कडक बोंड येतं, ते पेडापेक्षा जाड असतं आणि प्रत्येक फटीत अडतं. अडलं की माणूस चिमटीने रेटतो. त्याऐवजी प्रत्येक पेडाचे काही धागे टोकाकडे तिरपे छाटून टाका आणि त्याला चिकटपट्टी अशी गुंडाळा की टोक निमुळतं होईल. दोन मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या पंधराही वेळा रेटण्याचा जोर त्याने निम्म्यावर येतो.

मग दोर कुठेतरी अडकवा. हे सांगायलाच हवं, कारण बहुतेक जण दोर मांडीवर घेतात, एका हाताने धरून ठेवतात आणि दुसऱ्याने काम करतात. धरून ठेवणारा हात काहीच करत नसल्यासारखा दिसतो, पण स्नायू सतत आवळलेला राहिला की त्यात रक्त नीट फिरत नाही आणि तो हलणाऱ्या हातापेक्षा लवकर थकतो. दाराच्या कडीला, बैलगाडीच्या जुवाला, गोठ्यातल्या खुंट्याला, कशालाही दोर अडकवा, फक्त तो कोपराच्या उंचीला यावा. खुर्चीवर किंवा बाजेवर बसलात तर उत्तम. मांडी घालून जमिनीवर बसून कुशीत काम केलं तर मान आणि दोन्ही मनगटं, तिन्ही वाकतात.

आता दोर फोडायचा. उघड्या हातांनी फोडताना माणूस दोन मुठींत दोर धरून पिळाच्या उलट मुरडतो आणि उघडलेल्या फटीत अंगठ्याचं नख घालतो. दोन्ही मनगटं विरुद्ध दिशांना वाकलेली आणि सगळा भार अंगठ्यावर, यापेक्षा वाईट बैठक हाताला देता येणार नाही. इथे टोच्या हवा. चांभाराच्या आरीसारखं अणकुचीदार टोक नको, त्याने धागे तुटतात. टोक बोथट, अंग गुळगुळीत आणि काप गोल असण्यापेक्षा थोडा चपटा असावा. चपटा टोच्या आडवा घालून पाव वळसा फिरवला की फट उभी राहते आणि हात मोकळा होतो. त्याहून उपयोगी म्हणजे पन्हळीसारखा खोलगट टोच्या, ज्याला स्वीडिश फिड म्हणतात. तो फटीत तसाच ठेवायचा, पेड त्याच्या खळग्यातून पुढे सरकवायचा आणि मग टोच्या काढून घ्यायचा. पेड ओढावाच लागत नाही, नुसता घसरवावा लागतो. लहान नळीचा तुकडा तिरपा कापून, कडा कानशीने आणि मग पॉलिश पेपरने घासून गावातला लोहारही असा टोच्या करून देऊ शकतो. कडा बोटाला जराही लागत असेल तर ती नायलॉनलाही लागणार, एवढी खबरदारी घ्यावी.

टोच्याच्या मुठीकडे लोक लक्षच देत नाहीत, आणि माझ्या मते अख्ख्या हत्यारात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. बाजारातल्या टोच्याला करंगळीएवढी दांडी असते. बारीक दांडी धरायला बोटं पार आत वळवावी लागतात, आणि ती तळहाताच्या मधोमध रुतते, जिथे नस आहे. मूठ साडेतीन ते चार सेंटिमीटर जाड आणि तळहाताच्या रुंदीहून लांब, म्हणजे किमान दहा-बारा सेंटिमीटर असावी. तिचं मागचं टोक गोल घोटलेलं असावं. तेव्हा तळहाताच्या खालच्या गादीने ढकलता येतं, आणि जोर खांद्यातून येतो. शिडं शिवणाऱ्या खलाशांनी हे फार पूर्वी ओळखलं. ते तळहातावर चामड्याचा पट्टा बांधतात. त्यात अंगठ्याच्या उंचवट्यापाशी खळगे पाडलेली धातूची चकती असते, आणि सुई बोटांनी न ढकलता त्या चकतीने, म्हणजे तळहाताने ढकलतात.

पेड घालायचा क्रम सोपा आहे. मधला पेड दोराच्या एका पेडाखालून, डावीकडचा त्याच्या शेजारच्या पेडाखालून, मग दोर उलटा करून उरलेला पेड उरलेल्या पेडाखालून. तिन्ही एकाच पातळीवर, तीन वेगळ्या फटींतून, आणि तिन्ही पिळाच्या विरुद्ध दिशेने गेले पाहिजेत. पुढच्या प्रत्येक फेरीत प्रत्येक पेड एकावरून जाऊन एकाखालून निघतो. सुरुवात करण्याआधी डोळ्याचं माप ठरवा. तो ज्या कड्यात किंवा खुंट्यात जायचा, त्याच्या जाडीच्या किमान तिप्पट डोळा लांब हवा. आखूड डोळ्याच्या दोन भुजा फाकतात आणि विणीच्या तोंडाशी दोर फाटायला लागतो.

खरा घात ओढण्यात होतो. पेड घातला की तो घट्ट बसवायला माणूस टोक चिमटीत धरतो आणि झटका देतो. नायलॉन निसटतो, म्हणून चिमटी आणखी आवळतो. इथे एक साधी काठी कामाला येते. अंगठ्याएवढ्या जाडीचा, वीतभर लांबीचा लाकडाचा तुकडा घ्या, पेडाचे त्यावर दोन-तीन वेढे द्या आणि काठी आडवी मुठीत धरा, पेड मधल्या दोन बोटांमधून निघू द्या. आता निसटण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण वेढ्यांचं घर्षण दर वेढ्यागणिक गुणाकाराने वाढतं. लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात हे गणित मांडलं. लाकूड आणि नायलॉन यांच्यातलं घर्षण ०.२५ धरलं तर एका वेढ्यात टोकाशी लावलेला जोर जवळपास पाचपट होतो, दोन वेढ्यांत २३ पट. म्हणजे टोक बोटाने नुसतं दाबून धरलं तरी पुरतं. मोठी फांदी कापून खाली सोडताना दोर बुंध्याला दोन वेढे देऊन एकटा माणूस ती अलगद उतरवतो, ते याच जोरावर. काठी हातात आली की मनगट सरळ ठेवा, कोपर अंगाशी धरा, एक पाय मागे टाका आणि अंगाचं वजन मागे झुकवा. आमच्याकडची जुनी माणसं पोराला एवढंच सांगतात: "बोटाईनं नाई रे, अंगानं वढ."

एक गोष्ट आणखी. प्रत्येक पेड एकाच दमात पूर्ण घट्ट करायचा हट्ट सोडावा. तीन पेडांची फेरी आधी हलकी बसवा, मग तिन्हींना सारखा ताण द्या. सगळ्या फेऱ्या झाल्यावर गुंफण फळीवर ठेवून चपलेच्या तळव्याखाली पुढे-मागे लाटा आणि लाकडी मोगरीने हलके ठोके द्या. पेड आपापल्या जागी बसतात. बोटांनी दाबून, मुरडून जे साधायला दहा मिनिटं लागतात ते पायाखाली अर्ध्या मिनिटात होतं.

जनावराचा दोर स्वतः वळणाऱ्यांना ही सगळी युक्ती ठाऊक होती. गावगाड्यात हे काम मातंग समाजाकडे होतं: मोटेचा नाडा, दावी, कासरे, आसूड, शिवाय केरसुण्या. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, तेव्हा बलुत्याची ही पद्धत गावोगाव चालू होती. या कामाचा मोबदला सुगीच्या धान्यात मोजला गेला. त्यामागचं कसब मात्र जातीचा धर्म समजून गृहीत धरलं गेलं. ते शास्त्र म्हणून कोणी लिहून ठेवलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. बांधावर लावलेली अंबाडी कापायची, जुड्या पाण्यात दोन-तीन आठवडे कुजवायच्या, साल सोलून वाख धुवायचा, वाळवायचा. वळायच्या आधी तो ओला करायचा, कारण ओला वाख मऊ होतो आणि कमी जोरात पिळला जातो. सूत काढायला ढेरा: लाकडाची टांगती फिरकी, जी स्वतःच्या वजनाने फिरते, हात फक्त वाख पुरवतो. दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात किंवा खुंट्याला, पीळ द्यायला तळहात आणि मांडी, आणि जाड नाडा वळताना दोघं-तिघं मागे-पुढे चालत. या सगळ्यात चिमटीला जागा नाही. पाय, मांडी, खुंटा, वजन, चाल आणि पाणी यांवर काम होतं, बोटं केवळ दिशा देतात. तयार दोर विकत घेऊन केवळ डोळा घरी घालायला लागलो तेव्हा ही बैठक मागे राहिली आणि दोन बोटं पुढे आली.

झाडावर चढायच्या दोराचं दुखणं थोडं निराळं आहे. आधी एक गैरसमज दूर करतो. सह्याद्रीत किंवा हिमालयात गिर्यारोहक वापरतात तो दोर आतला गाभा आणि बाहेरचं विणलेलं वेष्टण अशा बांधणीचा असतो. १९५३ साली एडेलरिड या जर्मन कंपनीने ती बांधणी आणली. त्या दोराला घरी डोळा घालत नाहीत, गाठच मारतात, बहुधा आठाची. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत जाऊन आलेल्या मराठी मुलामुलींना ती गाठ डोळे मिटून येते. डोळा घालतात तो झाडांवर काम करणाऱ्यांच्या दुहेरी विणीच्या दोराला, जिथे विणलेल्या नळीच्या आत दुसरी विणलेली नळी असते. ज्या दोरासाठी बनवणाऱ्या कंपनीने डोळ्याची पद्धत लिहून दिली आहे, त्याच दोराला, त्याच पद्धतीने तो घालावा, आणि ज्याच्यावर माणूस लटकणार तो डोळा शिकलेल्या हाताने घातलेला आणि ताण देऊन तपासलेला असावा. दाव्याचा डोळा निसटला तर बैल सुटतो. इथे जीव जातो.

या दोरात आतली नळी बाहेर काढायची, बाहेरची तिच्यात घालायची, आतली परत बाहेरच्या पोटात, आणि शेवटी सैल झालेलं वेष्टण सरकवत सरकवत सगळा जोड झाकून टाकायचा. म्हशीची धार काढताना हात वरून खाली सरकतो तशीच ही हालचाल असते, आणि शेवटचं चार बोटं अंतर उरलं की दोर दगडासारखा अडतो. तिथेच लोकांची मनगटं जातात. जोर वाढवणं हा त्यावरचा मार्ग नव्हे. काम सुरू करताना जोडापासून बरंच मागे, टोच्याच्या पाच लांबींवर, एक सैल गाठ मारायची पद्धत असते, म्हणजे गाभा मागे घसरत नाही. शेवटच्या टप्प्यात त्या गाठीचा फासा आकड्यात अडकवा, एका हाताने जोड धरा, दुसऱ्या हाताने गाठीपासून जोडापर्यंत लांब, सावकाश फेऱ्या मारा. जवळच्या जवळ चिमटत बसलात तर सैल वेष्टण जोडापर्यंत पोचतच नाही. अडलं की थांबा, जोड दोन्ही बाजूंना वाकवून मोकळा करा आणि परत मागून सुरुवात करा. दोर वापरलेला असेल तर वेष्टण आकसलेलं असतं. तो भाग काही मिनिटं पाण्यात भिजवला की वेष्टण सैलावतं आणि घसरतं. तेल लावू नये, त्याने धूळ धरते. अंबाडीला लागायचं ते पाणी इथेही कामाला आलं, याचं मला फार बरं वाटतं.

हातमोज्यांबद्दल दोन शब्द. जाड मोजे घातले की बोटाला दोर जाणवत नाही, आणि जाणवत नाही म्हणून माणूस गरजेपेक्षा जास्त आवळतो. शिवाय मोजाच काही जोर खातो. त्वचा सोलली जात असेल तर तळव्याला रबराचा पातळ लेप असलेले, हाताच्या मापाचे मोजे घ्यावेत, आणि लहान पेड गुंफताना तेही काढावेत.

विश्रांती काम संपल्यावर घ्यायची, ही सवय हाताला मानवत नाही. दर डोळ्यानंतर दोन-तीन मिनिटं हात खाली सोडावेत, बोटं पूर्ण उघडावीत, मनगट हलकं फिरवावं. कामाची आखणी अशी करावी की आधी सगळ्या तुकड्यांचे पेड उलगडून टोकं निमुळती करायची, मग गुंफायचे, मग सगळे एकदम लाटायचे. हालचाल बदलली की थकलेला स्नायू सुटतो. कळ आली तर त्या दिवशी थांबावं. दोन आठवडे हात सांभाळूनही अंगठ्याच्या बाजूची कळ जात नसेल, सकाळी बोट वाकून अडकत असेल, किंवा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना रात्री मुंग्या येऊन झोप मोडत असेल, तर दुखणं थकव्याच्या पलीकडे गेलं आहे. बोटांच्या मुंग्या म्हणजे मनगटातल्या त्या बोगद्यातली नस दबते आहे. लवकर दाखवलं तर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधूनही बऱ्याच जणांना आराम पडतो. वर्षभर अंगावर काढलं तर अंगठ्याखालचा उंचवटा झिजायला लागतो आणि तो परत भरून येईलच असं नाही.

आमच्या भागात याचा एक हंगामी हिशोबही आहे. आषाढ-श्रावणात निंदण-खुरपणी, त्यानंतर लगेच पोळा, आणि दसऱ्याच्या आगेमागे कापूस वेचणी. खुरपं मुठीत आवळलेलं असतं. वेचणी तर पूर्ण चिमटीचं काम आहे, बोंडातून कापूस काढायला दिवसभर तीच बोटं तीच हालचाल करतात. यातलं बहुतेक काम बायका करतात, आणि घरातले दोर-दावीही बऱ्याचदा त्यांच्याच हातून नीट होतात. म्हणजे पोळ्याच्या तोंडावर घाईने घातलेले डोळे आधीच थकलेल्या हातावर येतात आणि तोच हात पुढे चार महिने वेचणीला जायचा असतो. दोर चैत्र-वैशाखात आणावा. शेत रिकामं असतं तेव्हा दिवसाआड एक-दोन डोळे घालावेत, आणि तयार दावी गोठ्यात उन्हात न टांगता घरात सावलीला ठेवावीत, कारण प्लॅस्टिकचा दोर उन्हाने ठिसूळ होतो.